सारस

सारस (अँटिगोनी अँटिगोनी) : क्रौंच कुलातील (ग्रुइडी) पाणथळ पक्षी. उडणाऱ्या पक्ष्यांत हा जगात सर्वांत उंच. पूर्ण वाढलेला नर सुमारे १.८ मी. उंच असून पंखांचा विस्तार सुमारे २.४ मी. भरतो. अंग राखाडी, डोके व मानेचा वरचा भाग पिसांविना, लालभडक, पाय तांबूस. नर-मादी सारखेच दिसतात, नर किंचित मोठा. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत ही जाती ‘असुरक्षित’ आहे. हा उत्तर प्रदेशचा राज्यपक्षी आहे.

आढळ : महाराष्ट्रात इतर क्रौंच हिवाळ्यात येऊन परत जातात, सारस मात्र बारमाही रहिवासी. तो आता मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात उरला असून भंडाऱ्यात थोडेच पक्षी आहेत. वैनगंगा व बाघ नद्यांचे काठ, माजी मालगुजारी (मामा) तलाव, बोड्या (छोटी तळी) आणि धानाच्या बांध्या (बांध घातलेली शेते) हा त्याचा अधिवास. नदीपलीकडच्या बालाघाट जिल्ह्यातही (मध्य प्रदेश) त्याचा वावर असतो.

सवयी : कंद, धान्य, कीटक, गोगलगायी, बेडूक, मासे असा मिश्र आहार. जोडी सहसा दीर्घकाळ टिकते. मान उंचावून दोघे एकसुरात साद घालतात. ती दूरवर ऐकू येते. विणीचा हंगाम पावसाळ्यात. पाणी साचलेल्या बांधीत किंवा तलावाच्या उथळ भागात गवत व धानाच्या काड्यांचा ढीग रचून घरटे करतात. अंडी बहुधा दोन. दोघेही आळीपाळीने सुमारे महिनाभर उबवतात. पिले लगेच चालू लागतात, पण उडायला सुमारे तीन महिने लागतात. उन्हाळ्यात पाणी आटले की पक्षी उरलेल्या तलावांवर जमतात; म्हणून गणना पावसाळ्याच्या तोंडावर होते.

धोके व संरक्षण : वीजतारांचा धक्का, कीटकनाशके, तलावांवरील अतिक्रमण व गाळ, अंड्यांची नासधूस आणि मोकाट कुत्री ही घटीची प्रमुख कारणे. गोंदियातील ‘सेवा’ संस्था वन विभागासोबत गणना करते आणि शेतकऱ्यांच्या मदतीने घरट्यांवर लक्ष ठेवते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सारसांच्या घटत्या संख्येची स्वतःहून दखल घेतली. त्यानंतर जिल्हा पातळीवर सारस संवर्धन समित्या नेमण्यात आल्या. येथील बहुतेक घरटी अभयारण्याबाहेर, खासगी शेतांत असतात; त्यामुळे धान उत्पादकाच्या सहकार्याशिवाय सारसाचे संवर्धन शक्य नाही.