मावशीची साडी आणि नटाचे कसब

नाटकाची संहिता छापून राहते. नटाचा अभिनय मात्र पडदा पडताच विरून जातो. म्हणूनच वाङ्मयाचा इतिहास लिहिणारे नाटककाराला मोठे स्थान देतात आणि नटाचा उल्लेख ओझरताच करतात. परंतु काही नाटकांच्या बाबतीत हा हिशेब उलट मांडावा लागतो. 'मोरूची मावशी' हे त्यांपैकी एक होय.

या मावशीचे माहेर इंग्लंडात आहे. ब्रँडन टॉमस याचे 'चार्लीज आँट' हे प्रहसन फेब्रुवारी १८९२ मध्ये बरी सेंट एडमंड्स या गावी प्रथम रंगले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात लंडनला आले. कथानक म्हणाल तर चिमूटभर. ऑक्सफर्डच्या दोघा विद्यार्थ्यांना आपापल्या प्रेयसींना घरी बोलवावयाचे असते. वडीलधारी बाई हजर असल्याखेरीज मुलींनी यावयाचे नाही, अशी तेव्हाची रीत. ब्राझीलहून यावयाची श्रीमंत मावशी वेळेवर येत नाही. तेव्हा एका मित्रालाच बायकी पोशाख चढवून मावशी म्हणून बसविण्यात येते. पैशाच्या लोभाने म्हातारे तिच्यामागे लागतात आणि अखेर खरी मावशीही येऊन ठाकते. यात विचार नाही, स्वभावदर्शनही बेताचेच. तरीही लंडनला त्याचे १४६६ प्रयोग झाले. मावशी साकारणारा डब्ल्यू. एस. पेन्ली इतका गाजला की, मूळ कल्पना आपलीच, असे तो पुढे सांगू लागला आणि त्यातून त्याचे व टॉमसचे वितुष्ट आले. हा दावा बाजूला ठेवला, तरी नटाला तो करावासा वाटला, यातच या नाटकाचे मर्म आहे.

आचार्य अत्रे यांनी या प्रहसनाला मराठी वेष दिला. पुरुषाने साडी नेसावी, यात मराठी प्रेक्षकाला नवल नव्हते. 'मानापमान' (१९११) व 'एकच प्याला' (१९१९) या नाटकांतील बालगंधर्वांच्या भामिनीने आणि सिंधूने दोन पिढ्यांना वेड लावले होते. परंतु त्या कलेचे आणि या कलेचे गोत्र भिन्न आहे. बालगंधर्वांना प्रेक्षकांस पुरुषाचा विसर पाडावयाचा होता. मावशीच्या नटाला तो क्षणभरही पडू द्यावयाचा नसतो. सोंग फार बेमालूम वठले, तर हसू मावळते. फार ओबडधोबड झाले, तर फसणारी पात्रे निव्वळ मूर्ख ठरतात. या दोहोंमधल्या अरुंद वाटेवरून तीन अंक चालावयाचे, हे काम संहिता करून देऊ शकत नाही.

१९८५ साली 'सुयोग' या संस्थेने हे नाटक पुन्हा रंगभूमीवर आणले, तेव्हा संहितेचा पाया आणखी खचला होता. मुलामुलींच्या भेटीला मावशीची सोबत लागावी, ही रीत शहरांतून मागे पडली होती. म्हणजे ज्या अडचणीतून सारा घोटाळा जन्मतो, ती अडचणच प्रेक्षकाला ओळखीची राहिली नव्हती. तरीही नाट्यगृहे भरली. प्रशांत दामले आणि प्रदीप पटवर्धन यांची साथ होतीच. पण लोक येत ते विजय चव्हाण यांची मावशी पाहण्यास. पदर सावरता सावरता मध्येच पुरुषी चाल उमटावी, लाजण्यात चिडचिड मिसळावी आणि गाणे लागताच साऱ्या अंगाने नाचावे, ही किमया पानावर नव्हती. ती त्यांच्या देहात होती. प्रयोगामागून प्रयोग होऊनही तिचा वेग मंदावला नाही.

यावरून अत्र्यांची लेखणी दुबळी होती, असे कोणी समजू नये. प्रहसनकाराने नटासाठी मोकळी जागा ठेवणे, हाही गुणच होय. मात्र ती जागा भरणारा नट न मिळाल्यास उरतो तो केवळ सांगाडा.

विजय चव्हाण २०१८ मध्ये निवर्तले. २०१९ साली भरत जाधव यांनी ती साडी पुन्हा नेसली. त्यांना संवाद आयते मिळाले. लकब मात्र स्वतःचीच शोधावी लागली. अत्र्यांचे नाटक ग्रंथालयात आजही वाचावयास मिळते. परंतु १९८५ च्या मावशीची खरी नोंद, तिला पाहून हसलेल्या माणसांच्या स्मरणातच आहे. ती माणसे आहेत तोवर त्यांच्याकडून ती टिपून घेणे, हे नाट्येतिहासकाराचे कर्तव्य होय.