महाड : नदीकाठची नगरपालिका

महाड हे रायगड जिल्ह्यातील (१९८१ पर्यंतचा कुलाबा जिल्हा) तालुक्याचे ठिकाण सावित्री नदीच्या उजव्या तीरावर, गांधारी नदी तिला मिळते त्या परिसरात वसले आहे. २०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे २७ हजार होती. आजूबाजूचा मुलूख डोंगराळ आणि भातशेतीचा. शहर म्हणजे प्रामुख्याने त्या मुलखाची बाजारपेठ. महाडची ओळख सहसा दोनच गोष्टींवरून सांगितली जाते : रायगडाच्या पायथ्याकडचे गाव आणि चवदार तळ्याचे गाव. दोन्ही खऱ्या आहेत, पण दोन्हींत हे शहर दुसऱ्या कुणाच्या तरी इतिहासाचे नेपथ्य होऊन बसते. महाडचा स्वतःचा इतिहास पाण्याभोवती फिरतो आणि त्यात नगरपालिका नावाची छोटी, बहुतेक वेळा कचखाऊ संस्था समजते त्यापेक्षा बरीच महत्त्वाची ठरते.

रायगडामुळे महाड नावारूपाला आले हा समज आधी तपासायला हवा. शहराला लागून असलेल्या गांधारपाले येथील बौद्ध लेणी आणि नदीपलीकडची कोल येथील लेणी शिवकालाच्या दीड हजार वर्षांहून जुनी आहेत. भिक्षूंनी डोंगर कोरावा आणि त्यासाठी कुणी दान द्यावे, एवढी वर्दळ त्या काळी इथे होती. तिचे कारण भूगोलात सापडते. महाबळेश्वराच्या डोंगरात उगम पावणारी सावित्री बाणकोटजवळ समुद्राला मिळते आणि भरतीचे पाणी खाडीतून महाडपर्यंत चढते. भरती साधून मचवे इथवर येत आणि वरंधा व पार या घाटांनी उतरलेल्या बैलांच्या तांड्यांचा माल इथेच नावेत चढे. मीठ आणि सुकी मासळी घाटावर जाई. मोठ्या गलबतांसाठी खाली दासगावचे बंदर होते. राजधानी रायगडावर आली त्याचे एक कारण या वाटांवर नजर ठेवता येते हेही असणार, म्हणजे श्रेय उलटेही मांडता येईल. गडाची राजधानी गेल्यावरही महाडचे महत्त्व टिकले ते यामुळेच. १७९६ साली नाना फडणिसांनी बाजीराव दुसऱ्याला गादीवर बसवण्याची सूत्रे महाडातून हलवली. १८०२ मध्ये होळकरांकडून हरलेला तोच बाजीराव वसईकडे पळताना इथूनच गेला. १८१८च्या एप्रिलमध्ये इंग्रजांनी आधी महाड घेतले, मग मे महिन्यात रायगड.

इंग्रजी अमलात, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इथे नगरपालिका आली. तिच्या पहिल्या काही दशकांत दिवाबत्ती, रस्ते आणि साफसफाई यांखेरीज सांगण्यासारखे फारसे नाही. तिच्याकडे असलेली एक मालमत्ता मात्र पुढे देशभर गाजली. चवदार तळे गावाच्या मध्यावर, चारही बाजूंनी रस्ते आणि रस्त्यांपलीकडे सवर्ण हिंदूंची घरे असे होते. मुसलमान आणि इतर अहिंदू तिथले पाणी घेत, गुरेढोरेही पीत. अस्पृश्यांना तेवढी मनाई होती. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव मुंबई कायदेमंडळाने संमत केला : सार्वजनिक पैशातून बांधलेल्या किंवा सरकारी-निमसरकारी संस्थांकडे असलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. त्याला धरून ५ जानेवारी १९२४ रोजी महाड नगरपालिकेने आपले तळे खुले केल्याचा ठराव केला. त्या काळात नगरपालिकेचे अध्यक्षपद भूषवणारे सुरेंद्रनाथ (सुरबा) टिपणीस सुधारक वृत्तीचे होते. ठराव झाला, पण तीन वर्षे एकाही अस्पृश्याने तिथले पाणी घेतले नाही. घेऊ दिले जाणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होते. १९२६ मध्ये बोले यांनी पुन्हा ठराव आणून, अंमलबजावणी न करणाऱ्या नगरपालिकांचे अनुदान रोखण्याची शिफारस करून घेतली, यावरून असा कागदोपत्री उदारपणा केवळ महाडपुरता नव्हता हे दिसते.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. तिच्या खटपटीत रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे आणि टिपणीस होते. दुसऱ्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर परिषदेतल्या लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. वीरेश्वराच्या देवळातही हे लोक घुसणार अशी हूल उठली आणि परतीच्या तयारीत असलेल्या प्रतिनिधींवर हल्ले झाले. पुढे दूध, दही, गोमूत्र आणि शेणाचे १०८ घडे ओतून तळ्याची ‘शुद्धी’ करण्यात आली. आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी, बोले ठरावाला बरोबर चार वर्षे पुरी होत असताना, नगरपालिकेने १९२४चा आपला ठराव मागे घेतला.

इथे आक्षेप येतोच. अंमल न केलेला आणि पहिल्या दडपणासरशी रद्द केलेला ठराव कुठल्या तोंडाने महत्त्वाचा म्हणायचा? सत्याग्रह लोकांनी केला, मार लोकांनी खाल्ला. नगरपालिकेने काय केले? धैर्याचा हिशेब मांडायचा तर आक्षेप बिनतोड आहे. पण ठराव अगदीच निर्जीव असता, तर तो रद्द करण्याची निकड कुणाला भासली नसती. मार्चमध्ये तळ्यावर गेलेली माणसे कायदा मोडायला गेली नव्हती. नगरपालिकेने मान्य केलेला हक्क बजावायला गेली होती. हा फरक विरोधकांनाही कळला होता, म्हणून त्यांनी आधी ठराव काढायला लावला आणि डिसेंबरात दिवाणी दावा लावला. २५ ते २७ डिसेंबरला दुसरी परिषद ठरली होती. न्यायालयाने १४ तारखेला तात्पुरता मनाईहुकूम दिला. मोटारवाले अडवतील या अंदाजाने आंबेडकर आणि मुंबईचे प्रतिनिधी बोटीने खाडीमार्गे दासगावला उतरले आणि तिथून पाच मैल पायी महाडला आले. जागेचीही अडवणूक होती. अखेर फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली. २५ डिसेंबरच्या रात्री तिथे मनुस्मृती जाळण्यात आली. तळ्यावर जाण्याचा बेत मात्र मनाईहुकुमामुळे स्थगित झाला.

दाव्याचा अंतिम निकाल लागायला नऊ वर्षांहून अधिक काळ गेला. तळे आपल्या मालकीचे आहे आणि अस्पृश्यांना दूर ठेवण्याची रूढी अनादी आहे, असे वादींचे म्हणणे. महाडच्या न्यायालयात १९३१ मध्ये, ठाण्यात १९३३ मध्ये आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात ते हरले. तळे वादींचे ठरले नाही. जिल्हा नगरपालिका कायद्याखाली ते नगरपालिकेकडे निहित मानले गेले. अस्मरणीय काळापासूनची रूढीही शाबीत झाली नाही. ही रूढी खाजगी मालकीच्या आडोशाने टिकली असती. तळे सार्वजनिक संस्थेच्या ताब्यातले असल्याने तो आडोसा उरला नाही. संस्थेने हिंमत दाखवली नाही, पण तिच्या असण्याने हक्क मागायला कायदेशीर पाया मिळाला. आज तळ्याकाठी आणि क्रांतिस्तंभ या स्मारकापाशी २० मार्च आणि २५ डिसेंबरला हजारोंची गर्दी होते.

तळे जसे नगरपालिकेच्या हातात होते तशी नदी कधीच नव्हती. मुंबई–गोवा रस्त्याने बंदराचा व्यापार ओढून घेतला. औद्योगिक वसाहतीतल्या रासायनिक कारखान्यांनी रोजगार आणला आणि सावित्रीच्या प्रदूषणाच्या तक्रारीही. १९९३ साली रोहा–वीर या टप्प्याने कोकण रेल्वे तालुक्यात पोचली, मात्र स्थानक शहरापासून लांबच राहिले. नदी वाहतुकीची उरली नाही, पुराची तेवढी उरली. उगमाकडे महाबळेश्वरात वर्षाला सरासरी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्याच वेळी खाली भरती असली की पाणी निघायला वाट मिळत नाही आणि ते सुकट गल्लीतून बाजारपेठेत शिरते. नगरपालिकेचा भोंगा वाजला की दुकानदार माल माळ्यावर चढवतात. २२ जुलै २०२१ला हे माळेही पुरले नाहीत. त्याच दिवशी तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून ८० हून अधिक माणसे गेली. त्याआधी २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महामार्गावरचा १९२८ सालचा दगडी पूल सावित्रीच्या लोंढ्यात वाहून गेला आणि त्याबरोबर दोन एसटी गाड्याही.

पूर हा निसर्गाचा मामला, त्यात नगरपालिकेचा विषय काढणे अन्यायाचे, असे कुणी म्हणेल. काही अंशी खरेच आहे. गाळ काढणे पाटबंधारे खात्याचे, पूल महामार्ग विभागाचा, दासगावजवळचा भराव रेल्वेचा (पाणी तुंबते ते त्यामुळे, अशी महाडकरांची जुनी तक्रार आहे), उगम सातारा जिल्ह्यात. २०२१ नंतर सावित्रीतला गाळ आणि पात्रातली बेटे काढण्याचे मोठे काम सुरू झाले, तेही शासनाच्या पैशाने. पण शहराच्या हद्दीत कुठे बांधायला परवानगी द्यायची, कुठले नाले मोकळे ठेवायचे, कुठली इमारत राहण्याजोगी उरली नाही, हे ठरवणे नगरपालिकेचेच काम आहे. २४ ऑगस्ट २०२० रोजी काजळपुऱ्यातील पाच मजली इमारत कोसळून १६ जण मेले, तेव्हा पूर नव्हता.