तळटीप : ड्यूई, रसेल आणि सत्याची कसोटी

१२. लेखकाचा रोख जॉन ड्यूई यांच्याकडे आहे. चौकशीच्या कसोटीला उतरते तेच विधान ग्राह्य, असे ड्यूई १९३८ च्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात मांडतात. बर्ट्रंड रसेल यांनी १९४५ मध्ये यात समाजाच्या सामर्थ्याची पूजा पाहिली. माणसाच्या इच्छेला न जुमानणाऱ्या वास्तवाचा धाक सुटला की सत्ता उन्मत्त होते, ही त्यांची भीती. ती रास्तच आहे. पण चौकशी सर्वांना खुली हवी, हा ड्यूईंचा आग्रह रसेल यांनी पुरेसा मनावर घेतला नाही, असे मला वाटते. कोलंबियात ड्यूईंकडे शिकलेल्या डॉ. आंबेडकरांनी तो घेतला. लाहोरसाठी लिहिलेल्या, पण होऊ न दिलेल्या १९३६ च्या भाषणात गुरूंचे ऋण मानून त्यांनी बजावले, की समाजाने भूतकाळातले सारेच जतन करायचे नसते. — संपादक