पैनगंगेपलीकडचे फ्री मेथडिस्ट चर्च

हिंगोली जिल्ह्याच्या उत्तरेला पैनगंगा ओलांडली की वऱ्हाड लागते. एकोणिसाव्या शतकात हिंगोली निजामाच्या राज्यात होती आणि तिथे हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती. पलीकडचा वऱ्हाड 1853 च्या तहापासून इंग्रजांच्या कारभाराखाली होता. याच वऱ्हाडात, आजच्या यवतमाळ जिल्ह्यात, फ्री मेथडिस्ट चर्चने मराठी बोलणाऱ्या ग्रामीण मंडळ्या उभ्या केल्या.

मेथडिस्ट पंथाचा उगम अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये झाला. जॉन वेस्ली आणि त्याचा भाऊ चार्ल्स यांनी उघड्या मैदानांवर प्रवचने केली, खाणकामगार व मजुरांचे लहान लहान गट बांधले आणि पाळक नसलेल्या सामान्य माणसांनाही उपदेशाचे काम दिले. पंथ अमेरिकेत पसरला, तिथे सुबत्ता आली आणि मोठी चर्चे बांधली जाऊ लागली. खर्च भागवण्यासाठी अनेक ठिकाणी चर्चमधील बाके भाड्याने किंवा विकत दिली जात. पैसेवाल्यांची कुटुंबे पुढे बसत, गरिबांना मागची जागा मिळे. पंथातलेच पाळक बी. टी. रॉबर्ट्स यांनी या प्रथेवर आणि गुलामगिरीबाबतच्या मवाळपणावर कठोर टीका केली, म्हणून 1858 मध्ये त्यांना पंथातून काढण्यात आले. 1860 मध्ये न्यूयॉर्क राज्यातील पेकिन येथे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्री मेथडिस्ट चर्च स्थापन केले. नावातील ‘फ्री’मध्ये गुलामांची मुक्तता होती, तशीच सर्वांना मोकळी असलेली बाकेही होती.

महाराष्ट्रात अमेरिकन मेथडिस्ट कार्याची सुरुवात 1871 मध्ये मूळ पंथातले प्रचारक विल्यम टेलर यांच्या मुंबईतील सभांनी झाली. परदेशी निधीवर विसंबून न राहता स्थानिक मंडळीने आपला खर्च आपणच उचलावा, असा टेलर यांचा आग्रह होता. 1848 पासून मुंबईत अत्यंत साधेपणाने राहणारे मिशनरी जॉर्ज बोवेन त्यांना येऊन मिळाले. टेलर यांच्या हाकेवर भारतात आलेले अल्बर्ट नॉर्टन वऱ्हाडात एलिचपूरला काम करू लागले. 1881 मध्ये अर्नेस्ट आणि फीबी वॉर्ड हे फ्री मेथडिस्ट दांपत्य भारतात आले. त्यांचे आरंभीचे काम बऱ्हाणपूर आणि वऱ्हाडच्या परिसरात झाले. 1890 च्या दशकात यवतमाळ हे या चर्चचे मुख्य केंद्र बनले.

त्यानंतर लगेचच 1896–97 आणि 1899–1900 चे दुष्काळ आले. अन्नासाठी माणसे गावे सोडून निघाली आणि अनेक मुले पोरकी झाली. फ्री मेथडिस्ट मिशनने या मुलांसाठी अनाथालय चालवले.

खेड्यातील मंडळीला सुरुवातीला स्वतंत्र इमारतीची गरज नसे. झाडाची सावली, एखाद्याची ओसरी किंवा शाळेची खोली उपासनेला पुरत असे. मंडळी वाढली, की साध्या आयताकृती प्रार्थनागृहाचा विचार होई. अशा ग्रामीण चर्चमध्ये सतरंजीवर बसण्याची पद्धत रुजली. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला स्त्रिया. ज्या पंथाचा जन्म बाकांच्या भाड्याला विरोध करून झाला, त्याला ही बैठक सहज मानवणारी होती, कारण जमिनीवर बसणाऱ्यांत पुढची जागा विकत घेण्याचा प्रश्नच उरत नाही. जिथे गावातल्या बसण्या-उठण्यावर जातीचा पहारा होता, तिथे एका सतरंजीवर बसणे ही मोठी गोष्ट होती. उपासनेत पेटी, तबला आणि टाळ आले. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या कवी नारायण वामन टिळकांची भजने व अभंग मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत पंथभेद ओलांडून गायले जाऊ लागले.

विसाव्या शतकात चर्चच्या कामाला शिक्षण आणि आरोग्यसेवेची जोड मिळाली. यवतमाळ जिल्ह्यातील उमरी येथे ख्रिस्ती रुग्णालय सुरू झाले. 1953 मध्ये यवतमाळला युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली. फ्री मेथडिस्ट मिशनरी फ्रँक क्लाइन यांचा तिच्या उभारणीत मोठा वाटा होता. 1983 मध्ये ही संस्था पुण्यात बिबवेवाडीला हलली.

29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला अनेक प्रॉटेस्टंट पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा ब्रिटिश परंपरेतील मेथडिस्ट तीत सामील झाले. टेलर यांच्या परंपरेतील चर्च बाहेर राहिले आणि 1981 मध्ये मेथडिस्ट चर्च इन इंडिया या नावाने स्वायत्त झाले. फ्री मेथडिस्ट मंडळ्यांनीही आपली वेगळी संघटना कायम ठेवली.