कुरणातली शाळा



अंगणवाडी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? वजनकाटा, खिचडी, लसीकरणाचं कार्ड आणि ताईंची रजिस्टरं. हे सगळं हवंच. पण या नावात ‘अंगण’ कुठून आलं, असं आम्ही गटाच्या बैठकीत विचारलं, तेव्हा सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. म्हणून आज ती गोष्ट सांगणार आहोत. मुलांना रानात फिरवत शिकवण्याची वाट याच गोष्टीतून निघते.

ताराबाई मोडक यांचा जन्म 1892 सालचा, मुंबईचा. गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेका लहान मुलांसाठी बालमंदिर चालवत होते. तिथे ताराबाईंनी त्यांच्याबरोबर काम केलं. 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. इटलीच्या मारिया माँटेसरी यांची पद्धत या मंडळींनी अभ्यासली होती. मुलाला मारून, घोकून घेऊन शिकवायचं नाही. त्याला हातानं करू द्यायचं, डोळ्यांनी पाहू द्यायचं. पण या पद्धतीची साधनं महाग होती. गुळगुळीत लाकडी ठोकळे, मण्यांच्या माळा हे शहरातल्या शाळांना जमायचं. खेड्यातल्या गरिबाच्या पोराचं काय?

हा प्रश्न घेऊन ताराबाई 1945 मध्ये बोर्डीला आल्या. बोर्डी म्हणजे तेव्हाच्या ठाणे आणि आताच्या पालघर जिल्ह्यातलं समुद्रकाठचं गाव. ताराबाई तेव्हा 53 वर्षांच्या होत्या. त्यांच्या हाताशी अनुताई वाघ आल्या. अनुताईंचं लग्न तेराव्या वर्षी झालं आणि सहा महिन्यांत त्या विधवा झाल्या. पुढे शिकून त्या शिक्षिका झाल्या होत्या.

बोर्डीला बालवाडी सुरू झाली, पण गरीब वस्तीतली मुलं येईनात. कशी येतील? आई मजुरीला गेलेली, कडेवर धाकटं भावंड, घरी कोंबड्या-शेरडं राखायची. आपल्यालाही हे नवं नाही. तेव्हा या दोघींनी मुलांना दोष दिला नाही. मूल शाळेत येत नसेल तर शाळेनं मुलाकडे जायचं, असं त्यांनी ठरवलं. वस्तीत जायचं, कुणाच्या तरी अंगणात मुलं गोळा करायची, त्यांना स्वच्छ करायचं, गाणी-गोष्टी-खेळ घ्यायचे. अंगणात भरते ती अंगणवाडी. पुढे 1975 मध्ये सरकारनं देशात 33 ठिकाणी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांना हेच नाव मिळालं.

पुढे हे काम जवळच्याच कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे वारली आदिवासींची वस्ती. इथली थोडी मोठी मुलं अंगणातही सापडत नसत, कारण ती गुरांमागे रानात असायची. मग शाळा आणखी पुढे गेली, थेट कुरणात. गुरं चरतायत आणि मुलं शिकतायत, अशी ही कुरणशाळा. मोजायला खडे आणि बिया, रंग ओळखायला पानं-फुलं. ना ठोकळे लागले, ना मण्यांच्या माळा.

आम्हाला यात सगळ्यात मोठं वाटतं ते हे. गुराखी मूल वर्गात बसवलं तर ‘ढ’ ठरतं. तेच मूल रानात आलं की झाडाची साल पाहून झाडाचं नाव सांगतं. त्याला जे येतं तिथून शिकवायला सुरुवात केली, तर ते लाजत नाही, पळत नाही. 1973 मध्ये ताराबाई गेल्या. त्यांच्यामागे अनुताईंनी 1992 पर्यंत, म्हणजे शेवटच्या श्वासापर्यंत, हे काम चालवलं.

आता आपल्याकडे पाहू. आपली बरीच मुलं गुरांमागे जात नाहीत, शाळेत जातात, ही चांगलीच गोष्ट आहे. पण शाळेतून आली की हातात मोबाईल. टाकळा कोणता, कुर्डू कोणता, भारंगीचं पान कसं असतं, हे आजीला ठाऊक, आपल्याला थोडंफार, आणि मुलांना काहीच नाही. पैसा बुडाला तर पुन्हा साठवता येतो. ही ओळख एका पिढीत तुटली तर ती कुठल्या बँकेतून आणणार?

म्हणून आम्ही सुचवतो, गटानं महिन्यातून एका रविवारी मुलांना रानात फिरवून आणावं. सकाळची वेळ धरावी. पाच मुलांमागे एक बाई, एक पुढे आणि एक सगळ्यांच्या मागे. पायात चप्पल-बूट हवेतच. बिळात हात घालायचा नाही आणि मोठ्यांना विचारल्याशिवाय कुठलंही फळ-पान तोंडात टाकायचं नाही, हे निघण्याआधीच सांगावं. बरोबर एखादी आजी हवी. त्या दिवशी तीच बाई.

तिथे गेल्यावर भाषण देऊ नये, कोडी घालावीत. ‘पळसाला पाने तीनच’ असं आपण म्हणतो. खरंच तीन असतात का, मोजून या. कुणाचा वास सर्वांत उग्र, शोधा. डोळे मिटून दोन मिनिटं बसा आणि किती आवाज ऐकू आले ते बोटांवर मोजा. पावसाळ्यात बाभळीवर सुगरणीची घरटी लोंबताना दिसली की विचारावं, हे कुणी विणलं? नाव सुगरण, म्हणून मुलं मादीचं नाव घेतील. पण विणकर असतो नर! मादी येऊन पाहते, पसंत पडलं तरच राहते. हे ऐकून बाया जास्त हसतात की मुलं, ते तुम्हीच बघा.

खाली पडलेलं तेवढंच उचलायचं, ओरबाडायचं नाही. घरी आल्यावर त्याच बियांनी बेरीज-वजाबाकी करता येते आणि पानांची नावं वहीत लिहिता येतात. प्रत्येक मुलाची एक वही केली, तर वर्षभरात गावच्या झाडाझुडपांची नोंद तयार होईल, आणि तीही मुलांच्या हातची.

याला ना निधी लागतो, ना मंजुरी. ताराबाई आणि अनुताईंनी शाळा अंगणात नेली, कुरणात नेली. आपल्याला तर फक्त गावाच्या वेशीबाहेर जायचं आहे. पुढच्या बैठकीत कर्जाचे हप्ते झाले की हा विषय घ्या, आणि रविवार ठरवूनच उठा.