हात वर होत नाही तेव्हा

या मालेत आपण बहुतेक वेळा तह, बंदरं, दुष्काळ, राजघराणी यांच्याबद्दल बोलतो. आज एका दुखण्याबद्दल बोलायचं आहे, आणि त्यातही औषधांबद्दल कमी. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेली एक बाई, तीच शस्त्रक्रिया नुकतीच झालेल्या दुसऱ्या अनोळखी बाईच्या खाटेशी जाऊन बसते. ही पद्धत कुठून आली, हा आजचा प्रश्न.

माझी समजूत अशी होती की हे सगळं मन मोकळं करण्यासाठी सुरू झालं असणार. वाचायला बसले तेव्हा कळलं की सुरुवात हातापासून झाली. वर न जाणाऱ्या हातापासून.

त्यासाठी आधी शस्त्रक्रियेबद्दल थोडं सांगावं लागेल. विल्यम हॉल्स्टेड हे अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातले सर्जन. त्यांनी 1894 मध्ये आपल्या 50 रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांची पद्धत अशी, की स्तन तर काढायचाच, पण त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठीही एकत्रच काढून टाकायच्या. रोग कुठेही शिल्लक राहू नये, हा हेतू. हीच पद्धत पुढची सत्तर-ऐंशी वर्षं अमेरिकेत आणि पुष्कळ ठिकाणी प्रमाण मानली गेली. बाई वाचली तर तिची छाती एका बाजूनं फासळ्यांपर्यंत सपाट होई, खांदा आखडे, आणि काखेतल्या गाठी गेल्यामुळे हात सुजे. वेणी घालता येत नसे. मागे हात नेऊन हूक लावता येत नसे. सर्जनच्या दृष्टीनं काम फत्ते झालेलं असे, कारण जखम भरली होती.

त्याच्याही आधीच्या काळातली एक नोंद फार प्रसिद्ध आहे. इंग्रज कादंबरीकार फॅनी बर्नी हिचा स्तन पॅरिसमध्ये 30 सप्टेंबर 1811 रोजी काढला. गुंगीचं औषध अजून पस्तीस वर्षं दूर होतं. त्या दिवसाचं सविस्तर वर्णन तिनं आपल्या बहिणीला पत्रातून कळवलं, आणि ते लिहायला तिला काही महिने लागले. ती त्यानंतर 28 वर्षं जगली. पण ते पत्र घरातलं होतं. दुसऱ्या रुग्णाच्या हाती ते पडावं, अशी काही सोय तेव्हा नव्हती.

1952 मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमध्ये टेरीज लासर नावाच्या बाईंवर हॉल्स्टेडची शस्त्रक्रिया झाली. (त्यांचे पती जे. के. लासर हे प्राप्तिकरावरच्या लोकप्रिय मार्गदर्शक पुस्तकाचे लेखक. घरातच माहिती-पुस्तिकांची सवय होती, असं म्हणायला हरकत नाही.) घरी गेल्यावर हाताचं काय करायचं, कपडे कसे घालायचे, नवऱ्याशी काय बोलायचं, हे त्यांना कुणी धड सांगितलं नाही. त्यांनी स्वतःच व्यायाम शोधले आणि मग रुग्णालयात जाऊन इतर बायकांना दाखवायला सुरुवात केली. काही सर्जनांना हे अजिबात रुचलं नाही. परकी बाई, डॉक्टर नाही, नर्स नाही, आणि आमच्या रुग्णाला सल्ला देते! लासरबाई हटल्या नाहीत. 'रीच टू रिकव्हरी' या नावानं त्यांचं काम वाढत गेलं आणि 1969 मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीनं ते आपल्याकडे घेतलं.

या कामाचं साहित्य फार बोलकं आहे. एक रबरी चेंडू. एक दोरी. ब्लाउजमध्ये घालायची तात्पुरती मऊ उशी. एक पुस्तिका, आणि नवऱ्यासाठी एक पत्र. चेंडू मुठीत दाबायचा, दोरी दारावरून टाकून हात ओढून वर न्यायचा. आणि भिंतीसमोर उभं राहून बोटं मुंगीसारखी चढवत न्यायची. काल जिथे पोचली, त्याच्या वर आज.

हा भिंतीचा व्यायाम मी पुस्तकात वाचला तेव्हा थांबले, कारण तो मला माहीत होता. इंदूरला आमच्या आत्याच्या घरी मधल्या खोलीच्या चुन्याच्या भिंतीवर पेन्सिलीच्या बारीक आडव्या रेघा होत्या. मुलांची उंची मोजल्यासारख्या, पण फार जवळजवळ. आम्हाला वाटायचं, कुणाची तरी उंची फारच हळू वाढत होती. विचारलं की मोठी माणसं विषय बदलायची.

आत्याची शस्त्रक्रिया 1983 मध्ये झाली. 'तिच्या छातीत गाठ होती' एवढंच आम्हाला ठाऊक. घर माणसांनी भरलेलं असे. सासरचे, माहेरचे, शेजारच्या वहिनी, डबा आणणाऱ्या मावशी. आपल्याकडे रुग्ण एकटा नसतो असं आपण अभिमानानं म्हणतो, आणि ते खरंही आहे. पण त्या सगळ्या गर्दीत ज्या बाईनं हे सोसलं आहे अशी एकही नव्हती. किंवा असली तरी ती सांगणार नव्हती.

मग एक दिवस दूध घालणाऱ्या बाईंनी आपल्या वहिनीला बरोबर आणलं. माळवी बोलणारी, आत्याहून वयानं लहान. तिनं दार लावून घ्यायला सांगितलं, पदर बाजूला केला, स्वतःचा व्रण दाखवला, आणि म्हणाली, "बाई, आता तुम्ही हात वर करून दाखवा." आत्याचा हात खांद्याच्याही वर जाईना. त्या बाईनं तिला भिंतीशी उभं केलं आणि पहिली रेघ ओढली. दुसऱ्या खेपेला तिनं मोहरी भरून शिवलेली कापडी पिशवी आणली. कापसाला वजन नसतं, तो ब्लाउजमध्ये वर सरकतो, मोहरी जागेवर राहते. हे ती कुणाकडून शिकली होती, कोण जाणे. लासरबाईंचं नाव दोघींनीही ऐकलेलं असण्याची शक्यता नाही. हे सगळं आत्यानं माझ्या आईला सांगितलं होतं, आणि आईनं मला, मी चाळिशीची झाल्यावर.

पुन्हा न्यूयॉर्कला जाऊ. सिद्धार्थ मुखर्जी यांनी कर्करोगाच्या आपल्या इतिहासात एक प्रसंग नोंदवला आहे. 1950 नंतरच्या पहिल्या काही वर्षांतला. फॅनी रोझनाऊ या बाईंनी अशा रुग्णांच्या आधारगटाची जाहिरात द्यायला 'न्यूयॉर्क टाइम्स'ला फोन केला. उत्तर मिळालं की 'स्तन' आणि 'कर्करोग' हे दोन्ही शब्द छापता येणार नाहीत, 'छातीच्या पिंजऱ्याच्या विकारांबद्दल सभा' असं चालेल का? बाईंनी फोन ठेवून दिला. तेव्हा आपल्याच घरात शब्द चोरून बोलले जात होते, असं वाटून घेऊ नये.

लासरबाईंना हा दरवाजा उघडून मिळाला, पण अटींवर. भेटायला जाणारी स्वयंसेविका डॉक्टरांनी सांगितल्यावरच जाणार. ती नीटनेटकी, हसतमुख दिसली पाहिजे. आणि उपचारांविषयी तिनं बोलायचं नाही. म्हणजे हाताबद्दल बोला, ब्लाउजबद्दल बोला, पण एवढं सगळं कापायची गरज होती का, हे मात्र बोलू नका. माझ्या मते या अटीशिवाय 1952 मध्ये कुठल्याही सर्जननं तिला वॉर्डात पाऊल टाकू दिलं नसतं. पण अट ती अटच. त्या काळात गाठ तपासायला म्हणून बाईला गुंगी देत, टेबलावरच तपासणी करत, आणि कर्करोग निघाला तर त्याच गुंगीत स्तन काढून टाकत. जागी झाल्यावर बाई आधी हातानं चाचपून बघे.

हे बदलायला निराळ्या स्वभावाच्या बायका लागल्या. पत्रकार रोझ कुशनर यांनी 1974 मध्ये आधी फक्त तपासणी करा, मग काय ते मी ठरवीन, असा हट्ट धरला. पुढच्या वर्षी त्यांचं पुस्तक आलं. त्याच 1974 च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांची शस्त्रक्रिया झाली, आणि त्यांनी ती लपवली नाही. त्यांना हजारोंनी पत्रं आली. 1978 मध्ये शिकागोत दोन रुग्ण बायकांनी 'वाय-मी' ही संस्था काढली, तिची फोनसेवा देशभर चालू लागली. 1979 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या समितीनं तपासणी आणि शस्त्रक्रिया वेगवेगळ्या वेळी करावी असं सांगितलं. त्या समितीत कुशनर होत्या. आणि 1985 मध्ये बर्नार्ड फिशर यांच्या चाचणीनं दाखवलं की लवकर सापडलेल्या रोगात फक्त गाठ काढून किरणोपचार दिले तरी बाई तितकीच जगते. हॉल्स्टेडची शस्त्रक्रिया मागे पडू लागली होतीच, ती इतिहासजमा झाली.

याच काळात लासरबाईंच्या पद्धतीवर सर्वांत टोकदार टीका झाली, ती कवयित्री ऑड्री लॉर्ड यांची. 1978 मध्ये त्यांचा स्तन काढला. भेटायला आलेल्या स्वयंसेविकेनं प्रेमानं लोकरीची उशी दिली. फिकट गुलाबी. लॉर्ड कृष्णवर्णीय होत्या. पुढे त्या उशी न लावता तपासणीला गेल्या, तर तिथल्या नर्सनं सुचवलं की असं आल्यानं इतरांचा धीर खचतो. 1980 मध्ये आलेल्या 'द कॅन्सर जर्नल्स'मध्ये लॉर्ड यांचा मुद्दा असा की सगळ्याजणी उशी लावून लपल्या, तर आम्ही एकमेकींना ओळखायचं कसं? मला हा मुद्दा पटतो. आणि तरी ती मोहरीची पिशवी आठवली की लासरबाईही पटतात. आत्याला त्या पिशवीमुळे हळदीकुंकवाला जाता आलं.

आपल्याकडे मुंबईत परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल 28 फेब्रुवारी 1941 रोजी सुरू झालं. इंडियन कॅन्सर सोसायटी 1951 ची. स्वतः कर्करोगातून बऱ्या झालेल्या वंदना गुप्ता यांनी 1994 मध्ये 'व्ही केअर' सुरू केली, आणि आजारातून उठलेली माणसं रुग्णालयात जाऊन रुग्णांशी बोलू लागली. पण मला वाटतं, त्याआधीही ही देवाणघेवाण धर्मशाळांतून चालत असणार. दादरला गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा आहे, तिथे देशभरातले कर्करोगाचे रुग्ण उतरतात. बंगालची बाई आणि बिहारची बाई एकाच नळावर भेटतात. केमोनं केस कधी गळतात आणि कधी परत येतात, 'लाईट' घेतल्यावर कातडीला काय सोसतं, रांगेत कुठल्या खिडकीशी आधी जायचं, हे अशा ठिकाणी भाषेची अडचण ओलांडून कळतं. 2022 मध्ये भारतात या आजाराच्या सुमारे 1 लाख 92 हजार नव्या रुग्ण असल्याचा जागतिक अंदाज आहे. एवढ्या बायकांना समुपदेशक कुठून पुरणार?

आता अवघड भाग. ज्यांचा आजार पसरला आहे त्यांचं काय? बऱ्या झालेल्या बाईनं हसतमुखानं भेटायचं, या पद्धतीत त्यांना जागाच नव्हती. स्टॅनफर्डच्या डेव्हिड स्पीगल यांनी अशाच बायकांचे गट बनवले. आठवड्यातून एकदा बसायचं, मरणाबद्दलही बोलायचं. 86 बायकांचा हा अभ्यास 1989 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. गटातल्या बायका सरासरी 36.6 महिने जगल्या, गटाबाहेरच्या 18.9 महिने. जगभर खळबळ उडाली. गंमत म्हणजे मनाच्या बळावर कर्करोग हटतो असले दावे खोडून काढायचा स्पीगल यांचा विचार होता. 2001 मध्ये कॅनडात 235 बायकांवर हाच प्रयोग झाला. आयुष्य वाढलं नाही. स्पीगल यांनी स्वतः पुन्हा करून पाहिला, 2007 मध्ये त्यांनाही वाढ दिसली नाही. पण कॅनडातल्या त्या गटातल्या बायकांना दुखणं कमी जाणवलं आणि मन कमी खचलं, विशेषतः ज्या सुरुवातीला जास्त त्रासात होत्या त्यांचं. म्हणून कुणी 'सकारात्मक राहा, बरे व्हाल' असं सांगू लागलं की मला राग येतो. जी बरी झाली नाही ती काय कमी पडली?

आत्याचा आजार 1987 मध्ये उलटला. दूधवाल्या बाईंची वहिनी त्यानंतर आली नाही. आईला तिचा फार राग होता. आत्याला नव्हता. ती म्हणे, मला बघून तिला तिचंच दिसत असेल.

त्याच उन्हाळ्यात आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या एका शिक्षिकेची शस्त्रक्रिया झाली. आत्या रिक्षानं तिच्या घरी गेली, दार लावून घेतलं, तिला भिंतीशी उभं केलं. चार-पाच वेळा तरी गेली. आपला आजार उलटला आहे, हे तिनं त्या बाईंना सांगितलं नाही.