पंतोजींची उजळणी : मराठी शाळांतील गणित आणि शिक्षकांचें अखंड शिक्षण

खानदेशांत चाळीसगांवाजवळ पाटण येथें असलेला शके ११२८ चा शिलालेख संशोधकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं एकोणिसाव्या शतकांत तो उजेडांत आणिल्यापासून त्याची चर्चा मुख्यत्वें दोन कारणांनीं होत आली. एक, भास्कराचार्यांच्या कुलवृत्तासाठीं. आणि दुसरें, त्याच्या अखेरच्या भागांतील जुन्या मराठीसाठीं. या लेखांतील तिसरी एक गोष्ट मात्र उपेक्षित राहिली आहे, व तिजकडे वाचकांचें लक्ष वेधण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा सिंघण यादवाच्या पदरीं ज्योतिषी होता. आजोबांच्या सिद्धान्तशिरोमणि आदि ग्रंथांचें अध्यापन चालू राहावें म्हणून त्यानें मठ स्थापिला, आणि तेथील निकुंभ वंशीय अधिपतींनीं त्या मठास दान दिलें. बाजारांत येणाऱ्या मालावरील कराचा अंश, घाण्यामागें पळीभर तेल, असें त्या दानाचें स्वरूप मराठी भागांत नमूद आहे.

या पळीभर तेलाचा अर्थ काय, हें नीट ध्यानांत घेतलें पाहिजे. ग्रंथ तर लिहून झालाच होता. शके १०७२ मध्यें रचलेल्या लीलावतीच्या पोथ्या पुढें देशभर पसरल्या. पण ग्रंथ असला म्हणजे विद्या असतेच असें नाहीं, ग्रंथ शिकविणारा सतत शिकत राहिला तरच ती टिकते, हें त्या दात्यांस उमगलें होतें. म्हणून त्यांनीं एक वेळचें दान न देतां वर्षानुवर्षें येत राहील असें उत्पन्न लावून दिलें. हेंच सूत्र हातीं धरून मराठी शाळांतील गणिताचा पुढील इतिहास पाहिला असतां त्यांतील भरती-ओहोटीचा बराच उलगडा होतो, असें आमचें मत आहे.

जुन्या पंतोजींच्या शाळेंत गणित उत्तम चालत असे, याविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. मुंबई सरकारच्या कौन्सिलाचे सभासद प्रेंडरगास्ट यांनीं १८२१ सालच्या आपल्या टिपणांत या इलाख्यांतील गांवोगांवच्या शाळांचा उल्लेख करून, सामान्य शेतकरी व लहान दुकानदारही आपला हिशेब किती बिनचूक ठेवितो, याची मोकळ्या मनानें वाखाणणी केली आहे. या कौशल्याचें मूळ उजळणींत होतें. साध्या पाढ्यांनंतर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे मुलांकडून रोज संध्याकाळीं परवच्यांत म्हणवून घेत. सात आणे शेराप्रमाणें साडेतीन शेर जिन्नस घेतला तर सातांची औटकी साडेचोवीस; म्हणजे दीड रुपया व अर्धा आणा. कागद-लेखणीचें कामच नाहीं. मोडी दप्तरांत आपण ५।, ५॥, ५॥। असे उभ्या रेघांनीं मांडलेले सव्वापांच, साडेपांच, पावणेसहा पाहतों, तें लेखन आणि हे पाढे एकाच व्यवहाराचीं दोन अंगें होत. रुपयाचे आणे सोळा, मणाचे शेर चाळीस. सगळीं मापें पाव-निम्मे करून तुटणारीं, म्हणून पाढेही तसेच.

परंतु या पद्धतीची मर्यादाही तिच्या पोटांतच होती. तीन सप्तमांश किंवा पांच नवमांश यांचा पाढा नव्हता, व तसा प्रश्न आला म्हणजे पंतोजींजवळ उत्तर नसे. वास्तविक याच देशांत शास्त्रीमंडळी लीलावतींतील भिन्नपरिकर्माष्टक शिकत होती; अंश आणि छेद यांचे सर्वसाधारण नियम तेथें स्पष्ट सांगितले आहेत. पण शास्त्र्यांची पाठशाळा निराळी आणि पंतोजींची ओसरी निराळी. एकीकडे नियम होता पण त्याचा बाजाराशीं संबंध नव्हता; दुसरीकडे बाजार होता पण नियमाशीं गांठ नव्हती. पंतोजीस त्याच्या वडिलांनीं किंवा गुरूनें एकदां जें दिलें, तेंच तो जन्मभर देत राही. त्यास पुन्हां शिकविणारी कोणतीही संस्था नव्हती. त्याची उजळणी तो मुलांकडून करवीत असे. त्याची स्वतःची उजळणी घेणारें कोणी नव्हतें.

हे दोन प्रवाह प्रथम एकत्र आले ते इंग्रजी अमलाच्या आरंभीं, एल्फिन्स्टनसाहेबांच्या कारकीर्दींत. मुंबईंत १८२२ मध्यें शाळापुस्तकांसाठीं व शाळांसाठीं जी स्वतंत्र सोसायटी स्थापन झाली, तिचे चिटणीस कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस हे इंजिनियर खात्यांतील असून मराठी उत्तम जाणत. त्यांनीं हटन याच्या इंग्रजी गणितग्रंथाच्या आधारें मराठींत पुस्तकें सिद्ध केलीं, व त्या कामीं जगन्नाथशास्त्री क्रमवंत यांचें साहाय्य घेतलें. अंश, छेद, त्रैराशिक, वर्गमूळ, घनमूळ हे जुन्या गणितग्रंथांतले शब्द शाळकरी मराठींत रूढ झाले, याचें श्रेय अशा शास्त्री सहकाऱ्यांस दिलें पाहिजे. पुस्तकांबरोबरच सोसायटीनें शिक्षकही तयार केले. मुंबईस शिकवून तयार केलेले २४ शिक्षक १८२६ सालीं मराठी व गुजराथी मुलखांत नव्या शाळांवर धाडण्यांत आले. आमच्या प्रांतांत सरकारी आश्रयानें पद्धतशीर शिकवून पाठविलेल्या शिक्षकांची ही पहिली तुकडी होय.

येथें एक विचारणीय मुद्दा आहे. या शाळांतून पंतोजीच्या हाताखालीं मोठ्या मुलांनीं लहानांस शिकविण्याची जी रीत घातली, ती बेल व लँकॅस्टर यांच्या नांवानें विलायतेहून आली. पण अँड्र्यू बेल यानें तिची स्फूर्ति घेतली होती ती मद्रासेकडील देशी शाळेंत वाळूवर अक्षरें गिरविणाऱ्या मुलांपासून! म्हणजे आमची धूळपाटीच सातासमुद्रांची यात्रा करून परत आली होती. रीत परत आली, पुस्तक नवें आलें, शिक्षकही एकवार शिकून आला. मग उणें काय राहिलें? उणें राहिलें तें सातत्य. मुंबईहून जिल्ह्याच्या गांवीं गेलेला शिक्षक एकदां गेला कीं एकटा पडे. हटनच्या रीतींतला अंश-छेदाचा नियम आणि गांवच्या मुलांस येणारी पाऊणकी हीं मुळांत एकच आहेत, हें ज्यास दाखवितां येईल, त्याच्या हातीं दोन्ही विद्या सफळ व्हाव्या. ज्यास तें दाखवितां येत नसे, त्याच्या हातीं नवा नियम हा आणखी एक पाढाच होऊन बसणें अपरिहार्य होतें. पुस्तक छापून हा भेद मिटत नाहीं.

ही उणीव ज्यांच्या ध्यानांत आली त्यांत बाळशास्त्री जांभेकर यांचें नांव अग्रभागीं आहे. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें गणित शिकविणारे, मराठींत शून्यलब्धिसारख्या उच्च गणितावर ग्रंथ लिहिणारे हे विद्वान् शाळांच्या तपासणीच्या निमित्तानें गांवोगांव हिंडले, आणि १८४५ सालीं मुंबईंत जो नॉर्मल क्लास निघाला त्याची सूत्रें त्यांच्या हातीं आलीं. उच्च गणित जाणणाऱ्या पुरुषानें गांवच्या शाळामास्तरास शिकवावें, हा योग या भूमींत पाटणच्या मठानंतर क्वचितच आला असेल. दुर्दैवानें १८४६ च्या मे महिन्यांत ते वारले. त्यांच्याच परंपरेंतील केरो लक्ष्मण छत्रे हे कुलाब्याच्या वेधशाळेंतून पुण्यास आले, व १८५१ च्या सुमारास पुणें कॉलेजाच्या मराठी व नॉर्मल वर्गांवर गणित व सृष्टिशास्त्र शिकवूं लागले. ग्रहसाधनाचीं कोष्टकें रचणारा ज्योतिर्विद भावी मास्तरांस त्रैराशिकाचें मर्म समजावून सांगतो, हें चित्र पाहिलें म्हणजे त्या पिढीची दृष्टि कळून येते. गणितांत जो पुढें गेला त्यानेंच मागल्यांस हात द्यावा, अशी ती दृष्टि होती.

पुढें १८५४ च्या वुडसाहेबांच्या खलित्यानें शिक्षकांच्या शिक्षणास सरकारी धोरणाचें रूप आलें, ट्रेनिंग कॉलेजें निघालीं, आणि त्यांतून बाहेर पडलेल्या मास्तरांस गांवीं बसूनही कांहीं वाचावयास मिळावें म्हणून शालापत्रक हें मासिक चाललें. कृष्णशास्त्री चिपळूणकर व मागाहून विष्णुशास्त्री यांच्या हातून निघालेल्या या पत्राकडे आमचे साहित्येतिहासकार निबंधमालेची पूर्वतयारी एवढ्याच नात्यानें पाहतात. आमच्या मतें त्याचें खरें महत्त्व निराळें आहे. एकट्या पडलेल्या मास्तरास दर महिन्यास शिकवीत राहण्याचा तो एक प्रयत्न होता. १८७५ मध्यें तें बंद पडलें. इकडे १८८२ सालीं हंटर कमिशनापुढें निवेदन देतांना जोतीराव फुले यांनीं प्राथमिक शाळेंत मोडी-बाळबोध वाचन-लेखनाबरोबर हिशेब व शेतकीचें ज्ञान मागितलें, आणि शिक्षक शक्य तों शेतकरी वर्गांतला, नांगर व वांकस धरण्यास न लाजणारा असावा असें सुचविलें. या सूचनेंतही गणिताचाच एक गाभा आहे. ज्याला बिघ्याची मोजणी ठाऊक आहे तोच क्षेत्रफळ जिवंत करूं शकतो.

नियम व व्यवहार यांची ही गांठ वारंवार पुन्हां बांधावी लागते, याचें सर्वांत ठळक उदाहरण आमच्या आठवणींच्या टप्प्यांतलें आहे. ता. १ एप्रिल १९५७ रोजीं दशमान नाणीं आलीं. रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे झाले, आणि १९५८ पासून शेर-मणाच्या जागीं क्रमाक्रमानें किलोग्रॅम आला. एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे! शतकानुशतकें ज्या व्यवहारानें पावकी-औटकी जिवंत ठेविली होती तो व्यवहारच पायाखालून सरला. ज्या शिक्षकाचा जन्म पाढे म्हणविण्यांत गेला होता त्यानें दशांशाचा अर्थ नव्यानें शिकून घेतल्यावांचून गत्यंतर नव्हतें. कायद्यानें माप एका दिवसांत बदलतां येतें, मास्तराच्या मनांतील माप तसें बदलत नाहीं. ज्यानें पाऊणकी समजून घेतली होती त्यास ०·७५ परका वाटला नसेल. ज्यानें ती नुसती घोकली होती त्याचें भांडवल एका दिवसांत बुडालें.

हा प्रश्न अद्याप मिटलेला नाहीं. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षणधोरणानंतर जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था निघाल्या, त्या नोकरींतील शिक्षकांस पुन्हां पुन्हां शिकविण्याच्या उद्देशानेंच. २०१९ सालीं दुसरीच्या पाठ्यपुस्तकांत एकवीस या संख्येचें वाचन वीस एक असें सुचविलें गेलें, तेव्हां महाराष्ट्रभर मोठा वाद माजला. अंक डावीकडून वाचावे व शब्द उजवीकडून बोलावे हा मराठीचा जुना पेच सोडविण्याचा तो यत्न होता. वादाच्या गदारोळांत पुस्तकाची चर्चा फार झाली. तें पुस्तक वर्गांत हातीं धरणाऱ्या शिक्षकास त्यामागचें कारण कोणीं, किती वेळां समजावून दिलें, हा प्रश्न त्या मानानें मागें पडला. जर्व्हिससाहेबांच्या वेळचाच हा प्रश्न, दोनशें वर्षांनीं.

आतां यांत आम्हां संग्राहकांचा व संशोधकांचा संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध अगदीं निकटचा आहे. शिक्षकांच्या शिक्षणानें शाळेंतील गणितावर खरा परिणाम काय झाला, हें सरकारी अहवालांवरून पुरतें कळणार नाहीं. अहवाल शाळा मोजतात, समज मोजीत नाहींत. तें कळावयाचें तें मुलांच्या व मास्तरांच्या वह्यांवरून. परंतु जुन्या घराण्यांचीं दप्तरें उलगडतांना सनदा, पत्रें, महजर वेगळे काढून जपले जातात. आणि मोडी कित्ते, उजळणीचीं बाडें, हिशेबाचे खर्डे, शाळामास्तरानें उतरून घेतलेल्या रीती हे सर्व रुमालाच्या तळाशीं कसरीला सोडून देतात किंवा रद्दींत घालतात. पोथ्यांच्या बाबतींतही लीलावतीची सुवाच्य प्रत संग्रहीं येते, पण समासांत उदाहरणें सोडविलेली मळकट प्रत नाकारली जाते. वास्तविक तो मळ हाच पुरावा आहे. कोणी तरी त्या पोथीवर बसून शिकला, याचा.

म्हणून आमची संग्राहकांस विनंति अशी कीं, उजळणीचें एखादें बाड हातीं आलें तर तें टाकूं नये. त्यांत औटकीपर्यंत पाढे आहेत कीं त्यापुढें अंश-छेदाची मांडणीही आहे, अपूर्णांक रेघांनीं लिहिला आहे कीं अंश छेदावर ठेवून, उदाहरणें शेरांचीं आहेत कीं किलोंचीं, अक्षर मुलाचें आहे कीं मास्तराचें, तें कोणत्या गांवीं व कोणत्या सालीं मिळालें, एवढी टीप लावून ठेविली तरी पुष्कळ काम होईल. एकाच गांवचीं दोन पिढ्यांचीं बाडें शेजारीं ठेवितां आलीं, तर शिकून आलेल्या मास्तरानें तेथें काय बदललें आणि तो एकटा पडल्यावर काय पुन्हां पूर्वपदावर गेलें, हें डोळ्यांनीं दिसेल. पाटणच्या दात्यांनीं मठासाठीं घाण्यामागें पळीभर तेल लावून दिलें. त्या मठांतील एखाद्या अध्यापकाची वही आज आपल्या हातीं असती तर तिचें मोल काय झालें असतें, याचा विचार प्रत्येकानें करावा.